सहाव्या भागाचा निवाडा

हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांपैकी ज्याच्यावरून मी सर्वांत जास्त वाद घातले, तो सहावा: जुलै २००९ मध्ये आलेला, डेव्हिड येट्सने दिग्दर्शित केलेला 'हाफ-ब्लड प्रिन्स'. मला तो मनापासून आवडतो आणि त्यातल्या उणिवा तितक्याच टोचतात. मालिकेतल्या उशिराच्या भागाचं मोल कसं करावं, हे मी याच चित्रपटापाशी शिकले.

१. गाळलेल्या प्रसंगांची यादी म्हणजे परीक्षण नव्हे. पाचवी कादंबरी मालिकेत सर्वांत जाडजूड, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांची. तिचा चित्रपट १३८ मिनिटांचा. दुसरी कादंबरी तिच्या निम्मीही नाही, पण चित्रपट १६१ मिनिटांचा, आठांत सर्वांत लांब. पानांचा आणि मिनिटांचा हिशोब या मालिकेत कधीच जुळला नाही. विचारायचं ते एवढंच, की कात्री लावल्यामुळे पुढचं काही लटकं पडलं का?

२. सहाव्या भागात ते पडलं. मुख्याध्यापक डम्बलडोर आणि हॅरी मिळून खलनायक व्होल्डेमॉर्टच्या भूतकाळातल्या आठवणी पाहतात, तो या कादंबरीचा कणा आहे. गॉन्ट घराण्याचं पडकं घर, तिथे पिचलेली मेरोपी, श्रीमंत हेप्झिबा स्मिथने कौतुकाने दाखवलेला हफलपफचा पेला. व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचे तुकडे कशात दडवले असतील, हे त्यातून उमगत जातं. चित्रपटात अनाथाश्रमातली भेट आणि स्लगहॉर्न या शिक्षकाची आठवण तेवढी उरली. मग शेवटच्या भागात हॅरी ग्रिंगॉट्सच्या तिजोरीतून तोच पेला मिळवतो, तेव्हा तो व्होल्डेमॉर्टच्या हाती कसा लागला हे फक्त चित्रपट पाहणाऱ्याला कळतच नाही. शिक्षक स्नेप स्वतःला 'हाफ-ब्लड प्रिन्स' का म्हणवतो, हेही चित्रपट सांगत नाही. ज्या नावाने तिकिटं विकली त्याचा उलगडा करायला दोन वाक्यं पुरली असती.

३. पदरची भरही तितक्याच काटेकोरपणे तपासावी. वीझली कुटुंबाच्या घरावरचा हल्ला कादंबरीत नाही. चित्रपटात ते घर पेटतं आणि पुढच्या भागात लग्नासाठी धडधाकट उभं असतं. म्हणजे त्या आगीने कथेत काहीच बदललं नाही.

याच चित्रपटातली दुसरी भर मात्र मला संपूर्ण मालिकेतल्या उत्तम क्षणांपैकी एक वाटते. ॲरागॉग या राक्षसी कोळ्याला पुरल्यानंतरची रात्र, हॅग्रिडची झोपडी, दारू चढलेला स्लगहॉर्न. तो हॅरीच्या आईने, लिलीने, दिलेल्या भेटीबद्दल बोलू लागतो. काचेच्या भांड्यात पाणी आणि त्यावर फुलाची एक पाकळी. पाकळी बुडत गेली आणि तळाला टेकण्याआधीच तिचा मासा झाला. एक दिवस ते भांडं रिकामं दिसलं. लिली गेली तो दिवस. कादंबरीत हा मासा कुठेच नाही. पण हा माणूस इतकी वर्षं कशाच्या ओझ्याखाली दबला होता आणि आता ती आठवण का देऊन टाकतो, हे स्लगहॉर्न साकारणाऱ्या जिम ब्रॉडबेंटच्या चेहऱ्यावर लख्ख दिसतं. मूळ कृतीशी प्रामाणिक राहणं मी यालाच म्हणते.

४. पुस्तकाला जे जमत नाही, ते चित्रपटाने केलं का? कादंबरी जवळजवळ सबंध हॅरीच्या नजरेतून चालते, त्यामुळे हॅरीचा प्रतिस्पर्धी ड्रेको मॅल्फॉय वर्षभर काय करतो याचा आपण अंदाजच बांधत राहतो. कॅमेरा मात्र त्याच्यासोबत शाळेतल्या अडगळीच्या खोलीत जातो. ड्रेको कपाटात पक्षी ठेवतो, दार लावतो, पुन्हा उघडतो, तर आत पक्षी मेलेला. ड्रेको झालेल्या टॉम फेल्टनचं ते रडणं पाहिल्यावर हा मुलगा निव्वळ खलनायक राहत नाही. ब्रूनो देल्बोनेलच्या छायाचित्रणातला तो हिरवट, विटलेला उजेडही इथे सार्थ ठरतो. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच होतं.

५. बदललेल्या शेवटावर घाईने निकाल देऊ नये. मनोऱ्यावर स्नेप डम्बलडोरला मारतो तेव्हा कादंबरीतला हॅरी मंत्राने जखडलेला असतो. चित्रपटात तो मोकळा आहे. स्नेप ओठांवर बोट ठेवतो आणि हॅरी क्षणभर त्याच्यावर विश्वास ठेवून गप्प राहतो. त्यामुळे पुढचा घात जास्त खोल लागतो. नंतरची लढाई गाळली, तेही मला पटतं. शेवटच्या भागात मोठं युद्ध येणारच होतं. अंत्यसंस्कार गाळणं मात्र पटत नाही. उंचावलेल्या छड्यांचं दृश्य सुंदर आहे, तरी एवढ्या मोठ्या माणसाला निरोप द्यायला ते अपुरं पडतं.

६. कादंबरी न वाचलेल्या माणसाशेजारी बसून पाहावं. तो कुठे गोंधळतो आणि कुठे गलबलतो, यावरून रूपांतराची खरी पारख होते.

माझा निकाल असा: आठांत अल्फोन्सो क्वारोनचा तिसरा भाग पहिला, आणि हा त्याच्या खालोखाल. घर जाळण्यात घालवलेली मिनिटं गॉन्ट घराण्याला दिली असती, तर मी यालाच पहिला क्रमांक दिला असता.