कलेचा तास

वर्गात लावलेले वेळापत्रक पाहा. गणित, विज्ञान, इंग्रजी, उर्दू, मराठी या विषयांमध्ये कुठेतरी एक छोटा शब्द दिसतो – ‘कला’. परीक्षा जवळ आली, की सर्वांत आधी हाच तास जातो. राहिलेली गणिते त्या तासाला सोडवली जातात. पुष्कळ मुलांना त्याचे वाईटही वाटत नाही. ‘कला म्हणजे करमणूक, तो काही अभ्यास नव्हे,’ असे ती म्हणतात. हे खरे आहे का?

आधी कला म्हणजे काय ते पाहू. चित्र, शिल्प, नक्षी, सुलेखन या डोळ्यांनी पाहायच्या कला आहेत. त्यांना दृश्यकला म्हणतात. गायन, वादन, नृत्य, नाट्य या लोकांसमोर सादर करायच्या कला आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या दोन्ही प्रकारच्या कलांना दहावीपर्यंतच्या शिक्षणाचा आवश्यक भाग मानले आहे.

महाराष्ट्रात शाळेतील मुलांसाठी कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेते. पहिली परीक्षा एलिमेंटरी आणि दुसरी इंटरमिजिएट. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात.

वस्तुचित्राचा तास चालू आहे, असे समजा. टेबलावर एक तांब्या ठेवला आहे. त्याचे तोंड गोल आहे, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून नवशिका मुलगा कागदावर पूर्ण गोल काढतो आणि चित्र बिघडते. शिक्षक सांगतात, “माहीत आहे ते काढू नकोस, दिसते ते काढ.” मग मुलगा पुन्हा पाहतो. बाजूने पाहिल्यावर ते तोंड लंबगोल दिसते. तांब्या उचलून डोळ्यांसमोर धरला, तर तोच लंबगोल चपटा होत होत एक सरळ रेषा होतो. तांब्या तोच, पण पाहण्याची जागा बदलली. नीट पाहण्याची ही सवय विज्ञानाच्या प्रयोगातही उपयोगी पडते.

स्मरणचित्रात तर समोर काहीच नसते. ‘भाजीबाजार’ असा विषय येतो. आपण बाजारात नेहमी जातो. पण भाजीवाली तराजू कसा धरते? ओझे उचलणारा माणूस कोणत्या बाजूला झुकतो? पेन्सिल हातात घेतली, की आपण किती कमी पाहिले होते ते कळते.

संकल्पचित्रात वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांपासून नक्षी तयार करतात. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, सतराव्या शतकातील बीबी का मकबरा आहे. तिथे कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. ती पाहिली, की भूमिती दगडात किती सुंदर दिसते हे समजते. आपले उर्दू सुलेखनही मापावरच चालते. कलमाच्या टोकाने टिंब काढतात. अलिफ किती टिंबांएवढा उंच आणि बे किती टिंबांएवढी लांब, हे ठरलेले असते. हात मोकळा वाटतो, पण त्यामागे मोजमाप असते.

प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील बाबरिया या गावी झाला. लहानपणी त्यांचे लक्ष एका जागी ठरत नसे. त्यांच्या शिक्षकांनी भिंतीवर एक टिंब काढले आणि त्याकडे एकटक पाहायला सांगितले. पुढे रझा नागपूर आणि मुंबई येथे चित्रकला शिकले व फ्रान्सला गेले. अनेक वर्षांनंतर तेच टिंब ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांत आले.

आता नाटकाकडे वळू. नाटकात स्वतःचे संवाद पाठ करून भागत नाही. दुसऱ्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे लागते, तरच आपले वाक्य वेळेवर येते. शिवाय आपल्यासारख्या उर्दू बोलणाऱ्या मुलांना मराठी नाटकाचा आणखी एक फायदा आहे. ‘गळ्यात माळ घाल’ याऐवजी कोणी ‘गल्यात माल घाल’ म्हणाले, तर प्रेक्षक हसतील. म्हणून तालमीत ‘ळ’ आणि ‘ण’ पक्के होतात. बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९) यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या पहाडी आवाजाने सभा गाजवल्या. लोकांनी त्यांना लोकशाहीर म्हणून मान दिला.

काही पालक विचारतात, “चित्र काढून पोट भरते का?” प्रश्न रास्त आहे. प्रत्येक मुलगा चित्रकार होणार नाही आणि प्रत्येक मुलगी गायिका होणार नाही. पण कापडावरील नक्षी, छपाई, सुतारकाम, घरांचे नकाशे या सर्व कामांत रेषेची जाण लागते. आणि दुसरीही एक गोष्ट आहे. प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर असे एखादे मूल असते, ज्याला गणितात किंवा इंग्रजीत कधी शाबासकी मिळत नाही. ती त्याला फक्त कलेच्या तासाला मिळते. तो तास गेला, तर त्याचा हक्काचा आनंदही जातो.

मुलांनो, पुढच्या वेळी कलेचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचे ठरले, तर नम्रपणे उभे राहा आणि विचारा, “सर, गणिताचा जादा तास आम्ही शाळा सुटल्यावर करू. हा तास आम्हांला चित्रकलेसाठी मिळेल का?”

शब्दार्थ
सुलेखन – खुशखती
तालीम – नाटकाचा सराव
एकटक – नजर न हलवता
रास्त – योग्य, वाजवी

स्वाध्याय
१. तांब्याचे तोंड लंबगोल केव्हा दिसते?
२. रझा यांच्या शिक्षकांनी त्यांना काय करायला सांगितले?
३. अर्थातील फरक सांगा : माळ – माल, वेळ – वेल, बाळ – बाल.
४. घरातील एखादे भांडे तीन वेगवेगळ्या उंचीवर ठेवून त्याचे चित्र काढा. काय फरक दिसला, ते पाच वाक्यांत लिहा.