पंगतीतून उठलेला पेत्र

वाचन: प्रेषितांची कृत्ये १५:१-२१, गलतीकरांस पत्र २:१-१६



‘लीगॅलिझम’ हा शब्द आपण उपदेशातून पुष्कळदा ऐकतो. मराठीत कोणी त्याला नियमनिष्ठा म्हणतात, कोणी कर्मठपणा. दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत. त्यांवरून वाटते की नियम पाळणाराच दोषी. तसे नाही. जो पहाटे उठून प्रार्थना करतो, दशांश देतो, प्रभुवारी शेतातले काम बंद ठेवतो, तो तेवढ्यावरून कर्मठ ठरत नाही. परूशी लोक पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश देत. प्रभू येशूने त्याबद्दल त्यांना दोष दिला नाही. न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडून दिले, याबद्दल दिला (मत्तय २३:२३).

मग दोष नेमका कुठे? अंत्युखियाच्या मंडळीत तो उघडा पडला.

तेथे यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एका पंगतीला बसत. पेत्रही बसत असे. याकोबाकडून काही माणसे आली, तसा तो मागे सरला आणि वेगळा राहू लागला. त्याच्या मागोमाग इतर यहूदी उठले, बर्णबासुद्धा गेला. पेत्राची शिकवण बदलली नव्हती. त्याने कोणाला तोंडाने काहीच सांगितले नाही. पण मागे उरलेल्यांना बरोबर कळले की आपण अजून पुरते आपले नाही. पौलाने सर्वांदेखत त्याला विरोध केला, तो यासाठी. सोवळ्याओवळ्याच्या समाजात वाढलेल्या आपल्या लोकांना रिकाम्या पानांचे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमेत सभा भरली, तेव्हा प्रश्न हाच होता: सुंता झाल्याशिवाय तारण आहे की नाही? तेथे मात्र पेत्रच उठून म्हणाला की जे जू आपल्या पूर्वजांना व आपल्याला वाहवले नाही, ते शिष्यांच्या मानेवर ठेवू नये. (अंत्युखियाचा प्रसंग या सभेच्या आधीचा की नंतरचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही.)

आता एक गंमत पाहा. तीत हा हेल्लेणी. त्याची सुंता करण्याची सक्ती झाली, तेव्हा पौल क्षणभरही नमला नाही. पण तीमथ्याची सुंता त्याने स्वतः होऊन केली (प्रेषित. १६:३), कारण तीमथ्याची आई यहूदी होती आणि त्या भागातल्या यहूद्यांमध्ये दोघांना सेवा करायची होती. कृती एकच. एका ठिकाणी ती तारणाची अट म्हणून मागितली गेली, दुसऱ्या ठिकाणी प्रेमाने केली गेली. आमच्या मते लीगॅलिझमचा अर्थ या दोन वचनांत जितका स्पष्ट होतो तितका कुठल्याही व्याख्येत होत नाही.

पाड्यांवरच्या सेवेत हा प्रश्न रोज उभा राहतो. एखाद्या आजीच्या कपाळावर, हातावर गोंदण असते. लहानपणी आईने गोंदवून घेतलेले. लेवीय १९:२८ दाखवून तिला कोणी म्हणते, हे चालत नाही. त्याच अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र घालू नये असेही आहे (१९:१९), आणि सांगणाऱ्याच्या अंगात बहुधा टेरिकॉटचा शर्ट असतो! शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञाही तिथेच आहे, एक वचन आधी.

दारूचा प्रश्न अधिक कठीण आहे. मोहाच्या दारूने संसार मोडताना आपण पाहतो, तेव्हा ‘दारू सोड’ म्हणणे हा कर्मठपणा मुळीच नाही. परंतु ‘सोडलीस तरच प्रार्थनेला ये’ आणि ‘ये, आपण मिळून सोडू’ या दोन वाक्यांत तीत आणि तीमथ्याइतके अंतर आहे. पहिले ऐकणारा माणूस गुत्त्यावर परत जातो, कारण तिथे त्याला कोणी अट घालत नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात त्या पतीच्या घरी परत आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे सुटलेले नव्हते. टिळकांनी ते आधी सोडण्याची अट घातली नाही. ते कसे गळत गेले, हे लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे, ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

आपण साहाय्य करणारेही यातून सुटत नाही. सेवकाला पत्र लिहिताना आपण काय विचारतो? किती जणांनी दारू सोडली, किती जण नियमित येतात. आकडा मागितला की सेवकही दारात मोजपट्टी घेऊन उभा राहतो. पुढच्या पत्रात एवढेच विचारून पाहा: या महिन्यात कोणाच्या घरी जेवलात?

अभ्यासगटासाठी: यरुशलेमेच्या सभेने परराष्ट्रीयांना चार गोष्टी वर्ज्य करण्यास सांगितले (प्रेषित. १५:२०). त्यांतल्या कोणत्या गोष्टी एका पंगतीला बसता यावे म्हणून होत्या, यावर चर्चा करा. मग आपल्या मंडळीत नव्याने येणाऱ्याकडून न बोलता काय अपेक्षिले जाते, त्याची यादी काढा. यादी काढताना नव्याने आलेल्या एकाला तरी सोबत घ्या.