निकालाची टक्केवारी आणि मुलाची प्रगती



दहावीचा निकाल लागला की गावोगावी गुणगौरव समारंभ होतात. नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलाला हार, पुस्तक व पेन दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वस्तीतील एखादे मूल पाचवीत असूनही दुसरीचे पुस्तक अडखळत वाचते, त्याचे नाव त्या दिवशी कोणी घेत नाही. राज्यभर घेतल्या जाणाऱ्या चाचण्या कशासाठी असतात, त्यांच्या आकड्यांवरून काय कळते व काय कळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बाबासाहेबांनी मांडलेला हिशेब

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात व उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. पटावर किती नावे आहेत एवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सांगितला.

आज आपली मुले चौथीच्या पुढे जातात. मात्र पुढच्या वर्गात जाणे म्हणजे शिकणे नव्हे. म्हणून तोच प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे.

चाचण्यांचे तीन प्रकार

पहिला प्रकार निवडीचा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा या प्रकारात मोडते. ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होती. २०१६-१७ मध्ये ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली. तेव्हा १५० गुणांचे दोन पेपर असत व पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के गुण लागत. पात्र ठरलेल्या सर्वांना शिष्यवृत्ती मिळत नाही. ती गुणवत्ता यादीप्रमाणे मिळते. चांगल्यातून अधिक चांगले निवडणे, हेच या परीक्षेचे काम आहे.

दुसरा प्रकार पाहणीचा. १३ नोव्हेंबर २०१७ व १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेली राष्ट्रीय संपादणूक पाहणी आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले 'परख' सर्वेक्षण या प्रकारचे होय. यात काही शाळा व काही मुले नमुना म्हणून निवडली जातात. जिल्ह्याची व राज्याची स्थिती त्यावरून समजते; एकट्या मुलाचा निकाल त्यातून मिळत नाही.

तिसरा प्रकार निदानाचा. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला व भाषा आणि गणिताच्या पायाभूत चाचण्या राज्यभर सुरू झाल्या. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेण्यात येऊ लागल्या. डॉक्टर ताप मोजतो तो औषध ठरविण्यासाठी. तसेच मूल कोठे अडले आहे हे पाहून पुढचे अध्यापन ठरवावे, हा या चाचणीचा उद्देश. गुण भरले आणि काम संपले असे झाले, तर ताप मोजला पण औषध दिले नाही, अशी गत होते.

आकडे कसे वाचावेत

समजा, एका वर्गात ४० मुले आहेत. त्यांपैकी १० मुलांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला व ८ पात्र झाली. फलकावर ८० टक्के निकाल लिहिला जाईल आणि तो खोटाही नाही. पण वर्गाच्या हिशेबाने तो २० टक्के आहे. उरलेल्या ३० मुलांचे काय, हे आपणच विचारले पाहिजे.

सरासरीचेही असेच आहे. एका शाळेत निम्म्या मुलांना ९० व निम्म्यांना ३० गुण पडले. दुसऱ्या शाळेत सर्वांना ६० पडले. दोन्हींची सरासरी ६०च. पहिल्या शाळेत मात्र निम्मा वर्ग मागे राहिला आहे.

प्रगती म्हणजे मुलाने स्वतःच्या कालच्या पायरीवरून घेतलेली पुढची पायरी. १५ गुणांवरून ३५ वर आलेल्या मुलाची वाटचाल ८० वरून ८२ वर गेलेल्या मुलापेक्षा मोठी असते, तरी समारंभात ती दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर सांगितलेल्या तिन्ही पाहण्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाल्या. देऊळगाव राजासारख्या भागात ते कापूस वेचणीचे दिवस असतात. त्या दिवशी जे मूल आईबरोबर वावरात गेले, ते आकड्यात येतच नाही. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून खेड्यांत घरोघरी जाऊन होते, म्हणून तिचे वेगळे महत्त्व आहे. तिच्यानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ टक्के झाले. वाढ झाली हे खरे, पण चारांपैकी तीन मुले अजून मागेच आहेत.

आपण काय करावे

हे काम केवळ शिक्षकांवर सोपवून चालणार नाही. विहारात किंवा समाजमंदिरात पुढील गोष्टी सहज होऊ शकतात.

१) जून, दिवाळी व मार्च असे वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाचे वाचन ऐकावे. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा व दुसरीची गोष्ट या चार पायऱ्यांपैकी मूल कोणत्या पायरीवर आहे, ते वहीत लिहावे. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी व भागाकार पाहावा.

२) ती वही चारचौघांत वाचून दाखवू नये. ती मुलाला हिणविण्यासाठी नसून त्याला हात देण्यासाठी आहे.

३) कॉलेजातील विद्यार्थ्यांनी दोन-दोन मुले वाटून घ्यावीत व रोज अर्धा तास द्यावा.

४) पालकांनी शाळेत जाऊन केवळ "पास झाला का?" असे विचारू नये. "गुरुजी, माझे मूल कोठे अडते?" असे विचारावे. मजुरी बुडते हे खरे. म्हणून दोन-चार घरांनी मिळून एकाला पाठवावे.

पुढच्या गुणगौरव समारंभात पहिल्या आलेल्या मुलाशेजारी आणखी एक खुर्ची मांडावी. वर्षभरात अक्षरावरून गोष्टीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला तेथे बसवावे. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी ज्या ८२ मुलांचा हिशेब मागितला, त्या मुलांना दिलेला तो मान ठरेल.