मूत्रपिंडरोपणानंतरची दक्षता

मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया पार पडली, की आजार संपला असा रुग्णाच्या आप्तांचा समज होतो. वस्तुतः दीर्घ उपचारांना तेथूनच आरंभ होतो. परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली भारतातील पहिले मूत्रपिंडरोपण झाले, तेव्हा परक्या अवयवाचा शरीराकडून होणारा अस्वीकार रोखणारी औषधे अपुरी होती. १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन व पुढे टॅक्रोलिमस उपलब्ध झाल्याने चित्र पालटले. नवे मूत्रपिंड कार्य करीत असेतो ही औषधे ठरल्या वेळी घ्यावीच लागतात. ती थांबविल्यास, अनेक वर्षे उत्तम चाललेले मूत्रपिंडही निकामी होऊ शकते.

अस्वीकाराची चाहूल पुष्कळदा रुग्णास लागत नाही; रक्तातील क्रिएटिनीन तेवढे वाढते. म्हणून प्रकृती ठणठणीत वाटत असतानाही नियमित रक्ततपासणी आवश्यक ठरते. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण सकाळची मात्रा घेण्यापूर्वी तपासतात. त्या दिवशी कर्मचारी कार्यालयात उशिरा पोहोचला, तर त्याची हजेरी कापण्यापूर्वी अधिकाऱ्याने हे कारण ध्यानी घ्यावे.

या औषधांनी प्रतिकारशक्ती क्षीण होते. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत त्यामुळे दोन धोके विशेष संभवतात. पहिला पावसाळ्याचा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात आणि मूत्रपिंडावरच आघात करतात. पाणी तुंबलेल्या दिवशी अशा रुग्णाने घरी थांबणे हा आळस नव्हे.

दुसरा धोका क्षयाचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. दाट वस्तीत व लोकलच्या गर्दीत संसर्ग सहज होतो. त्यावरील रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध यकृताला टॅक्रोलिमसचे विघटन वेगाने करावयास लावते. त्याचे रक्तातील प्रमाण घसरते आणि क्षय बरा होत असतानाच मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. क्षयाचा उपचार टाळावयाचा नाही. मात्र क्षयकेंद्रातील डॉक्टर आणि मूत्रपिंडतज्ज्ञ या दोघांनी मिळून औषधे व मात्रा ठरवावयास हवी. उलटपक्षी क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने टॅक्रोलिमसचे प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी थेट मूत्रपिंडास अपाय करते. प्रतिकारशक्ती वाढविणारे काढे शेजारी आपुलकीने सुचवितात; जी शक्ती औषधाने मुद्दाम दाबून ठेवली आहे, ती वाढविणे म्हणजे अस्वीकारास निमंत्रणच!

ताप, लघवी कमी होणे, पायांवर सूज, एकाएकी वाढलेले वजन किंवा रोपणाच्या जागी दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रोपण केंद्राशी संपर्क साधावा. स्टेरॉइड व टॅक्रोलिमसमुळे मधुमेहही उद्भवू शकतो.

दात्याचा मात्र सर्वांनाच विसर पडतो. आपल्याकडे ती बहुधा आई किंवा पत्नी असते. एका मूत्रपिंडावर ती निरोगी जीवन जगू शकते; परंतु तिचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनीन यांची तपासणी दरवर्षी व्हावयास हवी, आणि रुग्णाच्या तपासणीच्या दिवशीच ती करून घेणे सोयीचे पडते.