ब्रेक डिस्कची निवड : बीड, उष्णता आणि हिशेब

भिलाई आणि पोलाद हे समीकरण सर्वपरिचित आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे भारतीय रेल्वेचे रूळ म्हणजे भिलाईचे पोलाद, अशी ओळख निर्माण झाली. मात्र या पोलादनगरीच्या रस्त्यांवर धावणारी मोटार थांबते ती बहुधा पोलादाच्या नव्हे, तर बिडाच्या चकतीमुळे. ही चकती म्हणजेच ब्रेक डिस्क अथवा रोटर. ती बदलण्याची वेळ आल्यावर कोणती घ्यावी, याचा निर्णय अनेकदा केवळ रूप किंवा किंमत पाहून घेतला जातो. वास्तविक हा निर्णय उष्णतेच्या हिशेबाने घ्यावयाचा असतो.

बीडच का?

रुळाच्या पोलादात कार्बनचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असते. करड्या बिडात ते तीन ते चार टक्के असते. हा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. त्यामुळे उष्णता लवकर पसरते, कंपने शमतात आणि ब्रेकचा कर्कश आवाज कमी होतो. शिवाय बीड स्वस्त असून ओतकामास सोपे असते. मोटारसायकलची चकती पातळ आणि उघडी असल्याने ती प्रायः गंजरोधक पोलादाची करतात. मोटारीच्या बिडाच्या चकतीवर पावसाळ्यात रात्रीतून तांबूस गंज चढतो. तथापि तो वरवरचा असतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो.

उष्णतेचे गणित

ब्रेक गाडीची गती नाहीशी करत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर करतो. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. यातील सुमारे ७० टक्के भार पुढील दोन चकत्यांवर पडतो असे धरल्यास, सहा किलोच्या प्रत्येक चकतीचे तापमान एका थांब्यात अंदाजे ५४ अंशांनी वाढते. हीच चकती झिजून पाच किलोची झाली असेल, तर वाढ ६५ अंशांची होते. चकतीचे वजन म्हणजे तिची उष्णता साठविण्याची शिल्लक होय.

ही शिल्लक घाटात लवकर संपते. बस्तरच्या पठारावरून कांकेरकडे परतताना केशकालचा बारा वळणांचा घाट उतरावा लागतो. वरील मोटार १०० मीटर उंची उतरली की सुमारे १,१८० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. म्हणजे आधीच्या थांब्याच्या अडीचपट. त्यात पाच माणसे आणि सामान यांची भर पडते. चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर पॅडची पकड सैल पडते आणि जुने ब्रेक ऑइल उकळून पॅडल खोल जाऊ लागते. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरणे ही चकतीची सर्वांत स्वस्त बचत होय.

रस्त्यासाठी

नित्य वापरासाठी साधी, छिद्रे नसलेली आणि मूळ जाडीची बिडाची चकती सर्वोत्तम ठरते. पुढील चाकांसाठी कंपनीने दिली असल्यास मधून हवा खेळणारी दुपदरी चकतीच घ्यावी. आरपार छिद्रे असलेली चकती देखणी दिसते. परंतु छिद्रांमुळे वजन घटते आणि तीव्र उष्णतेत छिद्रांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. नवी चकती व पॅड बसविल्यावर प्रारंभी मध्यम वेगावरून अनेकदा हळुवार ब्रेक लावून दोहोंचा मेळ बसू द्यावा. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते, तेव्हा ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. पुष्कळदा कारण असते ते पॅडचा असमान थर किंवा चकतीची असमान झीज.

ट्रॅकसाठी

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. अशा ठिकाणी ताशी १६० वरून ८० किलोमीटरवर येताना एकाच ब्रेकमध्ये सुमारे ८९० किलोज्यूल उष्णता निघते आणि दर फेरीला हे पुन्हा पुन्हा घडते. येथे जाड, वजनदार, वक्र खाचांची चकती, उच्च तापमानाचे पॅड आणि ताजे डॉट-४ ब्रेक ऑइल ही तिन्ही एकत्र हवीत. खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड लवकर झिजवितात. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. म्हणून ते बाजारात जाण्याच्या गाडीला लावणे धोक्याचे आहे. शेवटची फेरी सावकाश मारून चकती निववावी आणि तापलेल्या अवस्थेत हँडब्रेक ओढू नये. कार्बन-सिरॅमिक चकत्या हलक्या व उष्णतेत टिकाऊ असल्या, तरी त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या गाडीला परवडणारी नाही.

खर्चाचा हिशेब

चकतीची खरी किंमत म्हणजे खरेदी व मजुरी मिळून होणारा खर्च भागिले ती चाललेले किलोमीटर. ओरखडे पडलेली चकती लेथवर घासून घेणे स्वस्त वाटते. मात्र त्यात जाडी कमी होते. बहुतेक चकत्यांवर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यानंतरची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्यावी आणि ती मर्यादेखाली गेली असल्यास एकाच आसाच्या दोन्ही चकत्या बदलाव्यात. पक्के बिल घेतल्यास बनावट मालाचा धोकाही कमी होतो.

वाहनकर्ज घेतलेल्या ग्राहकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. खासगी मोटारीच्या प्रचलित विमा पॉलिसीत नैसर्गिक झीज भरून मिळत नाही. तसेच शर्यत व वेगचाचणी यांसाठीचा वापर संरक्षणाबाहेर असतो. ट्रॅकवर गाडीचे नुकसान झाले, तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात. म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वी पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम वाचावे.

गाडी घेताना इंजिनची ताकद आवर्जून विचारली जाते. घाट उतरताना मात्र कुटुंबाची सुरक्षितता चकतीच्या काही मिलिमीटर जाडीवर अवलंबून असते. दर सर्व्हिसिंगला ती जाडी मोजून घेऊन नोंदवहीत लिहून ठेवणे, हीच या विषयातील सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक होय.