बबीना परिसरातील हिवाळी पक्षी

झाशीहून बीनाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, झाशीच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर बबीना हे छावणीचे गाव आहे. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतामुळे. तेथील रानाशी व पाण्याशी मात्र त्याची फारशी ओळख नसते. हा बुंदेलखंडाचा खडकाळ प्रदेश होय. मातीचा थर उथळ असल्याने पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. म्हणूनच येथे चंदेल राजांच्या काळापासून बांध घालून तलाव करण्याची परंपरा चालत आली. बबीन्याजवळ बेतवा नदीवर विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला सुकवां-ढुकवां बंधारा त्याच गरजेतून उभा राहिला. पाणी साठविले गेले ते शेतीसाठी. परंतु हिवाळ्यात त्यावर हजारो कोसांवरून आलेले पक्षीही हक्क सांगतात.

जानेवारीतील एक दिवस या परिसरासाठी राखून ठेवावा. छावणीच्या हद्दीत आणि लष्कराच्या सरावक्षेत्रात दुर्बीण घेऊन शिरणे अर्थातच वर्ज्य आहे. बाहेरचे रान पुरेसे आहे. धावड्याच्या जातकुळीतील करधई, पळस, खैर आणि तेंदू ही येथील प्रमुख झाडे. पहाटे धुके दाट असते व पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक उमगतात. झुडपांतून तित्तिराची हाक येते, दूरवर मोर ओरडतो. अशा वेळी फिरण्यापेक्षा एका जागी उभे राहणे श्रेयस्कर. सूर्य वर येऊन झाडांच्या शेंड्यांवर ऊन पडले, की थंडीने गारठलेले कीटक हालचाल करू लागतात, आणि त्यांच्यामागोमाग पक्ष्यांची मिश्र टोळी येते.

ही टोळी हा हिवाळी रानातील सर्वांत मनोवेधक देखावा होय. शेंड्यांवर निखार, मधल्या फांद्यांवर रामगंगा, पानांच्या गर्दीत चिमुकले पर्णवटवटे, खोडाजवळ टकाचोर, आणि इतरांच्या धावपळीने उडालेले किडे हवेतच टिपण्यासाठी टपून बसलेला कोतवाल, अशी कामाची वाटणी दिसते. अनेक डोळे एकाच वेळी जागे असल्याने शिकरा आल्याची सूचनाही लवकर मिळते. टोळीपासून थोडा अलग, खालच्या फांदीवर शेपटी झटकन वर उचलणारा लाल छातीचा माशीमार दिसतो. तो दूर उत्तरेकडून आलेला पाहुणा असतो. कुंपणाच्या दगडावर शेपटी थरथरविणारा कृष्ण थिरथिरा हाही तसाच. दहा-पंधरा मिनिटांत टोळी पुढे सरकते व रान पुन्हा रिकामे वाटू लागते. या गडबडीत प्रत्येक पर्णवटवट्याची जात ओळखता येतेच असे नाही. अनुभवी निरीक्षकही तेथे चकतो. वहीत ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी अधिक उपयोगी पडते.

धुके विरले, की पाण्याकडे वळावे. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा, अन्यथा सारी बदके काळीच दिसतात. वरवर पाहता पाणी एकसारखे असते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र खोलीनुसार त्याचे निरनिराळे भाग पडतात. चिखलाच्या कडेला तुतवार टोचा मारीत फिरतात. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उभा असतो. त्यापुढील उथळ पाण्यात तलवार बदके डोके बुडवून व शेपूट आकाशाकडे करून तळाशी चरतात, तर थापट्या आपल्या रुंद चोचीने पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव गाळून घेतो. खोल पाण्यावर अधिकार आहे तो बुड्या मारणाऱ्या लालसरीचा आणि शेंडी बदकाचा. बंधारा तुडुंब असेल तर उथळ कडा नाहीशा होतात आणि पाणी विपुल असूनही पाणलाव्यांसारख्या काठावरील पक्ष्यांना जागा उरत नाही. सिंचनासाठी पाणी उतरू लागले, की गाळ उघडा पडतो व तेच पक्षी परत येतात. म्हणून नोंदीत पाण्याची पातळीही लिहिली पाहिजे.

वाळूच्या पट्ट्यावर बहुधा चक्रवाकाच्या जोड्या दिसतात. रात्री त्यांची ताटातूट होते, हा कविसंकेत सर्वांना ठाऊक आहे. चरताना विखुरलेले पक्षी अंधारात एकमेकांना साद घालतात, त्यातून तो रूढ झाला असावा. तिबेट, मध्य आशिया व लडाख येथील उंच सरोवरांकाठी वीण करणारे पट्टकदंब दिवसा पाण्याजवळ विसावतात आणि रात्री कोवळ्या पिकांत चरतात. शेतकऱ्याला त्यांचे कौतुक कमीच असणार.

या साऱ्या शोभिवंत पाहुण्यांमध्ये कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकऱ्यांच्या काळ्या थव्याकडे कोणी लक्ष देत नाही. नवशिका तर ‘वारकरी, पुष्कळ’ एवढेच लिहून मोकळा होतो. वास्तविक थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी नेमके मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे पाहून त्याच मापाने पुढचा थवा मोजत जावा, व हे दोनदा करावे. आशियाई पाणपक्षिगणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे, तिचा आधार अशी साधी मोजणीच आहे.

सामान्य पक्षी का मोजावेत, याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. एके काळी प्रत्येक गावाबाहेर ती होती. त्यामुळे ती मोजण्याची गरज फार थोड्यांना वाटली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात केलेली गणना हाताशी होती, म्हणूनच पुढच्या दशकातील घट त्यांना आकड्यांनिशी दाखविता आली. ती माहिती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश मृत जनावराच्या मांसातून पोटात गेल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरात एकही धड उरले नव्हते.

परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून, बेतवेच्याच काठी असलेल्या ओरछ्याला सूर्यास्तापूर्वी पोहोचता येते. तेथील बुंदेला राजांच्या उंच छत्र्यांच्या कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. खाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले, की वर पाहावे. घरट्यावर बसलेली किती, शिखरावर किती, पिले दिसतात काय, हे वेगवेगळे मोजावे, आणि अंधार पडण्यापूर्वी तारीख व वेळेसह वहीत उतरवावे.