लांबच्या प्रवासाची गाडी निवडताना

पुण्याहून कोल्हापूर, पुढे बेळगाव-बेंगळुरू, नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरी. आमचं फिरणं बहुतेक याच रस्त्यांवरचं. ग्रुपमध्ये डॉमिनार ४००, हिमालयन ४५० आणि इंटरसेप्टर ६५० अशा तिन्ही गाड्या आहेत आणि आम्ही त्या वाटेत अदलाबदल करून चालवतो. त्यातून काही मतं पक्की झाली.

१. गाडी कळते ती तिसऱ्या तासाला. शोरूमच्या टेस्ट राइडमध्ये कुठलीही गाडी आवडते. साताऱ्यापर्यंतही तक्रार नसते; कराड मागे पडलं की मनगटं, मान आणि माकडहाड आपापलं म्हणणं मांडायला लागतात. म्हणून विकत घेण्याआधी ओळखीतल्या कुणाची तरी गाडी अर्धा दिवस मागून घ्या.

२. हँडल, सीट आणि फूटपेग यांचं आपसातलं अंतर हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाचं. पुढे वाकून बसायच्या गाडीवर वेग जास्त असेल तर समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटावरचा भार हलका होतो. पण आपल्याकडे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी. उरले ते ट्रक, सर्व्हिस रोड आणि गतिरोधकांचे रस्ते. तिथे वेग सारखा तुटतो आणि सगळं ओझं हातांवर येतं. त्यामुळे इथे ताठ बसवणारी गाडीच बरी, असं माझं ठाम मत आहे. निंजा १००० एसएक्स मला मनापासून आवडते, तिची १९ लिटरची टाकीही झकास. पण तिच्या १०४३ सीसीला साजेसा मोकळा रस्ता आपल्या वाट्याला फार थोडा येतो.

३. वाऱ्याला कमी लेखू नका. वेग ८० वरून १०० वर गेला की वाऱ्याचा जोर दीडपटीहून जास्त वाढतो. डॉमिनारला उंच व्हायझर कंपनीकडूनच मिळतो. इंटरसेप्टरला काच वेगळी बसवावी लागते. मात्र काचेची उंची चुकली तर वारा थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोकं भणभणतं. चालत्या गाडीवर काचेच्या वरच्या कडेशी तळहात धरून पाहा (मागे बसलेल्याला सांगा, स्वतः नको). वारा कुठून उसळतो ते लगेच कळतं.

४. डॉमिनार आणि हिमालयन एका सिलिंडरच्या, इंटरसेप्टर दोन सिलिंडरची. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर ठरावीक आरपीएमला हँडल-पेगमधून जाणवते, बोटांना मुंग्या येतात. तुम्ही दिवसभर ज्या वेगाने जाणार, त्याच वेगाला ती येते का, एवढंच तपासा.

५. टाकी: डॉमिनार १३ लिटर, इंटरसेप्टर १३.७, हिमालयन १७. महामार्गावर फरक पडत नाही, आडवाटेला पडतो.

६. मागे बसणारं माणूस सोबत असेल, तर गाडी त्यालाच निवडू द्या. त्याला ना हँडलचा आधार, ना पुढचा खड्डा दिसत. सीटची रुंदी, धरायची कडी आणि पेगची उंची त्याने स्वतः बसून बघावी, तीही जॅकेट घालून आणि मागे सॅडलबॅग लावून.